क्रिमोकार्प आणि चप्पल

अंबाजोगाईत रिकाम्या प्लॉटवर तीन गोष्टी हमखास येतात: काँग्रेस गवत, 'सदरील जागा विकणे नाही' अशी पाटी आणि कुणाची तरी म्हैस. चौथी गोष्ट आणायचा उद्योग मी केला. भाजी.

सांगायला हरकत नाही, मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. त्यातही वनस्पतींचा भाग माझा. खोडाचा आडवा छेद मी फळ्याकडे न बघता काढायचे. गावात माझे इतके विद्यार्थी आहेत की रिक्षात बसले तरी आणि मेडिकलच्या ओपीडीत गेले तरी 'मॅडम, ओळखलंत का?' ऐकू येतं. त्यामुळे निवृत्त झाल्यावर माझी अशी प्रामाणिक समजूत होती की पोरांनी ऐकलं नसेल कदाचित, पण झाडं आपलं ऐकतील. ज्यांच्या पेशीभित्तिकेपर्यंत आपली ओळख, ती आपल्याला ओळख देणार नाहीत असं कसं होईल?

खूळ डोक्यात घातलं ते इंग्लंडमधल्या भाच्याने. तिथे म्हणे नगरपालिका लोकांना भाजी लावायला जागा भाड्याने देते. 1908 सालचा कायदाच आहे तसा. बंगला नसलेला माणूससुद्धा गावाबाहेरच्या आपल्या तुकड्यावर जाऊन बटाटे काढतो, आणि त्या तुकड्यासाठी लोक वर्षानुवर्षं यादीत नाव लावून बसतात. त्याचा नंबर लागला तेव्हा त्याने पेढे वाटल्यासारखा चेहरा करून व्हिडिओ कॉल केला. तुकडा किती? तर दहा रॉड. हा रॉड म्हणजे त्यांचं जुनं माप. मी कागदपेन घेऊन हिशेब मांडला. दहा रॉड म्हणजे बरोबर अडीच गुंठे निघाले. साहेबाचं माप आणि आपलं माप इतकं चपखल जुळलेलं पाहून मला तो दैवी संकेतच वाटला.

आता नगरपालिकेच्या यादीत नाव लावायची सोय आपल्याकडे नाही, पण तिच्यापेक्षा सोपी सोय आहे: पुण्यातले नातेवाईक. आमच्या एका नातलगांनी मोरेवाडीच्या बाजूला दोन जोडप्लॉट घेऊन ठेवलेत, प्रत्येकी तीस बाय चाळीस. भाव वाढेपर्यंत ते तसेच पडून राहणार आणि तोवर कुणी अतिक्रमण करू नये ही त्यांना काळजी. मी फोन केला. म्हटलं, भाजी लावते, लक्षही राहील. ते इतके खूश झाले की भाडं विचारायला विसरले. मग आठवण होऊन दुसऱ्यांदा फोन केला आणि म्हणाले, "भाडंबिडं काही नको वहिनी, योगेश्वरीच्या दर्शनाला आलो की थोडी भाजी द्या." असा आमचा करार झाला. चोवीसशे चौरस फूट. इंग्लंडच्या भाच्यापेक्षा सव्वातीनशे फुटांनी कमी, पण मला रांगेत उभं राहावं लागलं नव्हतं.

मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये 'विवेकसिंधू' लिहिला. तो इथे लिहिला की अंभोऱ्याला, हा वाद विद्वानांनी खुशाल चालू ठेवावा. माझं म्हणणं एवढंच, की समाधी आमच्या गावालगतच्या डोंगरात आहे आणि तरीही त्या सिंधूतला एक थेंब माझ्या वाट्याला आला नाही. नाहीतर टिकाव, फावडं, दोन घमेली, खुरपी, हिरवी टोपी, गमबूट आणि कुठल्या तरी जाहिरातीत दिसलेले बागकामाचे फुलाफुलांचे हातमोजे, एवढं सगळं मी माती न बघता विकत घेतलं नसतं.

माती नव्हतीच. आमचं गाव बालाघाटावर. वीतभर धुळीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. जुन्या लोकांना हे माहीत असणार, म्हणून त्यांनी इथे मेथी न लावता लेणी कोरली. हत्तीखान्यात जाऊन बघा, चांगले दगडाचे हत्ती उभे आहेत. मी पहिला टिकाव मारला तो टणकन वर आला. दुसरा आमच्या यांनी मारला. यांनी टिकाव खाली ठेवला, चष्मा पुसला आणि "मला बँकेत काम आहे" म्हणून गेले. पेन्शनर माणसाला रविवारी बँकेत काय काम असतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

मग तळ्यातला गाळ आणायचा ठरला. दोन ट्रॉली काळाभोर गाळ येऊन पडला तेव्हा मला दोन तोळे सोनं आल्याचा आनंद झाला. गाळाबरोबर लव्हाळाही आला, हे पहिला पाऊस पडल्यावर समजलं. सायपरस रोटंडस. याच्या जमिनीखालच्या गाठींवर मी प्रश्न काढलेला आहे, चार गुणांचा. लव्हाळा ओढला की वरचं गवत हातात येतं, गाठ खाली राहते आणि ती जोमाने फुटते, असं आदर्श उत्तरात लिहिलेलं असायचं. मी रोज सकाळी भक्तिभावाने लव्हाळा ओढत राहिले. लव्हाळ्याने आदर्श उत्तर लिहिलं.

गावात कृषी महाविद्यालय आहे, तालुक्यात कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीचं विद्यापीठ काही विलायतेत नाही. कुणालाही विचारता आलं असतं. पण मॅडमने विचारायचं म्हणजे काय? मॅडमला विचारायचं असतं. घरात तर चालतंबोलतं विद्यापीठ होतं. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. ऐंशी पार केलेल्या. केज तालुक्यातल्या शेतात त्यांचा जन्म गेला. त्या बाजेवर बसून माझी तयारी बघत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. हे लक्षण मला ओळखू यायला हवं होतं.

शेणखतापासून त्यांनी तोंड उघडलं. दूधवाल्याकडून मी ताजं, वाफाळतं शेण आणवलं आणि वाफ्यात पसरलं. त्या रिक्षाने प्लॉट बघायला आल्या, काठी टेकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, वल्लं शेण कुणी घालतंय का? ते आधी कुजू देतेत. वरीसभर."

मी त्यांना विघटन, जीवाणू आणि नत्राचं चक्र समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मागच्या बाकावरच्या पोरांपेक्षा पुष्कळ बरं ऐकलं. मग म्हणाल्या, "बरं."

त्या ताज्या शेणाच्या आसऱ्याने हुमणी झाली. पांढरी, जाड, अर्धगोल वळून पडलेली अळी. मिरचीची रोपं मी सकाळी ताठ उभी बघायची आणि संध्याकाळी ती झोपलेली असायची. ओढली की अलगद हातात यायची, खाली मूळच नाही. भुंगेऱ्यांचं जीवनचक्र मला तोंडपाठ होतं: अंडी, अळी, कोष, प्रौढ. फक्त ते माझ्या मिरचीच्या खाली चाललंय याची कल्पना नव्हती.

पण खरी नाचक्की केली धन्याने. मृगाचा पाऊस झाला, मी छान ओळी आखल्या, धने पेरले, वर माती लोटली, पाणी दिलं. मेथी दोनचार दिवसांत वर आली. पालक आला. धने काही उठेनात. आठवडा गेला, दुसरा गेला. बियाणं खोटं निघालं असं मी जाहीर केलं. आत्याबाईंनी विचारलं, "रगडले व्हते का?"

"काय?"

त्यांनी डब्यातले मूठभर धने फरशीवर टाकले, पायातली चप्पल काढली, धुतली आणि तिच्या टाचेने धने हलके रगडले. एकेका धन्याचे दोन दोन तुकडे झाले. "आसे दोन झाले की मंग लवकर उगवतंय. आख्खे कुजून जातेत."

मी खाली बसले. धन्याचं फळ म्हणजे क्रिमोकार्प. त्याचे दोन भाग होतात, प्रत्येकात एक बी. मधला तो बारीक दांडा कार्पोफोर. आकृती काढा, नावे द्या. हे मी दरवर्षी फळ्यावर काढलं होतं आणि दांड्याला नाव न देणाऱ्याचा अर्धा गुण कापला होता. धन्यात दोन बिया असतात हे मला माहीत होतं, पण स्वयंपाकघरातला धना आणि फळ्यावरचा क्रिमोकार्प हे एकच आहेत, हे मला चपलेने सांगितलं.

तरी मी हार मानली नव्हती. प्रत्येक वाफ्यावर पुठ्ठ्याच्या पाट्या लावल्या होत्या, शास्त्रीय नावांसकट. मेथीच्या वाफ्यावर 'ट्रायगोनेला फीनम-ग्रीकम'. मेथी बोटभर झाली आणि शेजारून शेळ्या आल्या. शेळ्यांनी वाफा असा साफ केला की कातरीने जमलं नसतं. पाटी मात्र त्यांनी खाल्ली नाही. पुढे बरेच दिवस त्या वाफ्यात फक्त लॅटिन नाव उभं होतं.

शेळ्यांच्या मालकीणबाईंना मी जरा आवाज चढवून विचारलं. त्या डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "मॅडम, कुंपण न्हाई, काटी न्हाई. शेळीला काय पाटी वाचता येती व्हय?" यावर माझ्याकडे शास्त्रीय उत्तर नव्हतं. मग त्यांनीच तोडगा सांगितला: जुन्या साड्या बांधा. आमच्या भागात रानडुकरांसाठी शेताभोवती साड्या बांधतात, तुम्ही बसमधून पाहिल्या असतील. मी कपाट उपसलं आणि प्लॉटभोवती माझ्या साड्यांचं कुंपण उभं राहिलं. शेळ्या थांबल्या. माणसं थांबायला लागली. "मॅडम, ही निळी तुम्ही गॅदरिंगला नेसायच्या ना?" असं सकाळी फिरायला जाणारे माजी विद्यार्थी विचारू लागले. एकीने तर मागच्या बाजूच्या केशरी साडीसमोर उभं राहून मैत्रिणीला सांगितलं, "ही नेसून आल्या की सरप्राइज टेस्ट असायची." आमच्या यांना निरोप समारंभातली साडी वाऱ्यावर फडफडताना दिसली, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती त्यांनी स्वतः निवडलेली होती.

जीवामृताबद्दल थोडक्यात सांगते, कारण शेजारी अजून बोलत नाहीत. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि पाणी, एकरी 200 लिटर, असं वाचलं आणि 200 लिटरचा ड्रम भरून मोकळी झाले. एकरात चाळीस गुंठे. माझ्या सव्वादोन गुंठ्यांना अकरा लिटर पुरले असते. हे त्रैराशिक मी ड्रम भरल्यावर केलं. उरलेलं कुठे ओतायचं या विवंचनेत ते आठवडाभर आंबत राहिलं, आणि वारा नेमका वस्तीकडे होता.

आता दोडका. मेथी शेळ्यांनी नेली, मिरची हुमणीने. भोपळ्याचं एकच रोप टिकलं आणि तेही शेजारच्या हद्दीत जाऊन फळलं. अशा वेळी श्रावणात टोकलेले दोडके मात्र मांडवावर सरसर चढले. पिवळी फुलं लागली, झुपक्याने. मी फोटो काढून भाच्याला पाठवले. सकाळी जाऊन बघते तर फुलं खाली पडलेली. दुसऱ्या दिवशी परत फुलं, परत गळती. निंबोळी अर्क फवारला. फुलं पडतच राहिली. राख टाकली. ताक फवारलं. शेवटी दोन गळकी फुलं पिशवीत घालून कृषी सेवा केंद्र गाठलं. गल्ल्यावरचा मुलगा उठून उभा राहिला. माझाच विद्यार्थी.

"रोग कोणता आहे बघ रे," मी फुलं काउंटरवर ठेवली.

त्याने फुलं उलटसुलट केली. "मॅडम, रोग नाही. ही नराची फुलं आहेत. आधी नराचीच येतात, परागकण देऊन झाले की गळतात. मादीचं फूल एकटं येतं, त्याच्या बुडाशी बारका दोडका असतो." मग जरा घुटमळून, "तुम्हीच शिकवलं होतं. एकलिंगी फुलं. मी त्यातच राहिलो होतो."

मागे दोन शेतकरी खताची पोती मोजून घेत होते. त्यांनी मोजणं थांबवलं.

मी ताठ मानेने घरी आले आणि ठरवलं, आता परागीकरण स्वतः करायचं. नातीच्या रंगपेटीतला शून्य नंबरचा ब्रश घेतला. सकाळी लवकर, दवात, भूपाळीच्या वेळी प्लॉटवर गेले. दोडक्याची फुलं मिटून मलूल पडलेली. उद्या अजून लवकर जाऊ. अजून लवकर गेले, अंधारात, बॅटरी घेऊन. कुत्री भुंकली, समोरच्या बंगल्यातला दिवा लागला आणि "कोण आहे तिकडे?" अशी आरोळी आली. "मी जोशीबाई" किंवा "मी देशमुखबाई" असं काहीतरी सुटसुटीत सांगता आलं असतं, पण भीतीने माझ्या तोंडून निघालं, "परागीकरण करतेय!" समोर बराच वेळ शांतता होती. मग दिवा गेला.

दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. घोसाळ्याचं सकाळी, दोडक्याचं संध्याकाळी. हे मला शेळ्यांच्या मालकीणबाईंनी सांगितलं, तेही सहज, शेळ्या घराकडे वळवता वळवता: "दिवे लागायच्या टायमाला या मॅडम, तवा बगा कशी पिवळी होतेत ती." गेले. खरंच सगळा मांडव उमललेला होता. भुंगे होते, मधमाश्या होत्या, पतंग यायला लागले होते. ब्रश घेऊन मी उभी राहिले तेव्हा मला कुणी विचारेना. मग तो ब्रश पर्समध्ये ठेवून दिला, आणि दोडके लागायला लागले.

ते आधी लागले असते तर केवढी शान होती. पितृपक्षात आमच्याकडे दोडका, गवार, भेंडी, कारलं सगळ्याला सोन्याचा भाव. तेव्हा मी दुकानातून पाव किलो दोडके विकत आणले, घासाघीस करून. माझे दोडके धबधब्याने सुरू झाले ते घटस्थापनेला. योगेश्वरीचं गाव. घराघरात नऊ दिवसांचे उपास. भगर चालते, राजगिरा चालतो, रताळं चालतं. दोडका चालत नाही. मी पिशव्या भरभरून शेजाऱ्यांकडे गेले; लोकांनी हात जोडले. कुणी म्हणालं दसऱ्यानंतर द्या. दोडका दसऱ्याची वाट बघत नाही. दोन दिवस लक्ष चुकलं की तो हातभर लांब होतो, आत शिरा धरतो आणि त्याने भांडी घासता येतात.

दसऱ्यानंतर आम्ही दोडक्याची भाजी खाल्ली, शिरांची चटणी खाल्ली, डाळदोडका खाल्ला, दोडक्याची भजी खाल्ली. यांनी एके दिवशी ताटावर बसून विचारलं, "आज बँकेत जेवायला देतात का गं?" खर्चाचा हिशेब मात्र यांनी गुपचूप एका वहीत लिहून ठेवला होता: गाळ, अवजारं, ड्रम, गमबूट, बियाणं, आत्याबाईंचं रिक्षाभाडं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिली आहे. साड्या त्या हिशेबात धरलेल्या नाहीत.

मार्गशीर्षात देवीचं दुसरं नवरात्र. पुण्याचे नातलग दर्शनाला आले, करारानुसार प्लॉटवर आले. साड्यांचं कुंपण बघून आधी त्यांना तिथे वस्ती झाली असं वाटलं. मग मी वाळलेले, करकरीत दोडके त्यांच्या डिकीत भरले. भाजीचे दिवस सरले होते, पण अंग घासायला उत्तम. त्यांच्या पत्नीला ते फार आवडले. पुण्यात म्हणे असलंच काहीतरी खोक्यात घालून महाग विकतात. प्लॉट अजून दोन वर्षं तरी विकत नाही, असं त्यांनी जाताना सांगितलं.

तेव्हा यंदाही लावणार आहे. धने आत्याबाई रगडणार, फुलांकडे मी संध्याकाळीच जाणार, आणि वेळापत्रक आषाढापासून धरलंय म्हणजे पितृपक्ष साधेल. अडलंय ते खतापाशी. अंबाजोगाई, परळी, केज या बाजूला कुणाकडे वरीसभर कुजलेलं, काळं, वास न येणारं शेणखत असेल तर कृपया कळवावं. पैसे नाहीत. एका घमेल्याला चार दोडके या दराने चुकतं करू, आणि ज्यांना भाजी नको त्यांनी साडी निवडून न्यावी.